घाणखडकावरच्या टाळ्या

सिप्पेनेट, मॅसॅच्युसेट्स
शनिवार, ४ ऑगस्ट १९५६

चि. मेनिना हिला आजीचे आशीर्वाद, आणि हे पत्र लिहून घेणाऱ्या अर्मिंदाचे तिचे वेगळे,

तुझं पत्र मंगळवारी आलं. अर्मिंदानं ते आधी बाहेर पायरीवर बसून वाचून दाखवलं. वारा होता म्हणून मला काही ऐकू आलं नाही, असं मी तिला सांगितलं, आणि आत येऊन पुन्हा वाचायला लावलं. स्वयंपाकघरात वारा नसतो, त्यामुळे दुसऱ्यांदा सगळं ऐकावं लागलं.

मी बरी आहे. डावा पाय सुजतो, पण तो माझ्याच वयाचा आहे, त्याला काय बोलायचं. यंदा परसातला कोबी किड्यांनी खाल्ला. त्यांनी माझ्यासाठी जेवढा ठेवला तेवढ्याचं सूप केलं. चर्चच्या सभागृहावर नवं छप्पर घालणार असं फादर दर वर्षी सांगतात, म्हणून आम्ही दर वर्षी छत्र्या घेऊन जातो. अर्मिंदा म्हणते हे लिहायला नको. मी म्हटलं, बाई, तू फक्त हात चालव, तुझ्या पेनानं फादरच्या छपराला आणखी एक भोक पडणार नाही.

तुझ्या वडिलांना आणि लुईझला नमस्कार सांग. वडिलांना सांगताना पत्र वाचून दाखवू नकोस, तोंडीच सांग. का ते पुढे कळेल.

आता तू जे मागितलंस त्याबद्दल. हॅलोवेलच्या पुस्तकाला शंभर वर्षं झाली म्हणून त्याच्या स्मारकाचे मंडळवाले यंदा मोठा सोहळा करताहेत आणि त्यात दोलोरेस तू होणार, हे मला तुझ्या आधी कळलं होतं. गावात तीन आठवडे दुसरी गोष्ट नाही. न्हाव्याच्या खिडकीत तुझा फोटो लागलाय, पोहण्याचं पदक गळ्यात घातलेला. खाली काय लिहिलंय ते मी अर्मिंदाला विचारलं. ‘खरी दोलोरेस, खऱ्या रक्ताची,’ असं लिहिलंय म्हणे. मी न्हाव्याला म्हटलं, रक्ताचं तू बोलू नकोस, तू रोज कुणाचं ना कुणाचं काढतोस.

तू लिहिलंस की सोहळ्यात घालायला खापरपणजीची ती खरी शाल हवी. तिची शाल आहे कुठे, पोरी. संग्रहालयात काचेमागे जी ठेवलीय ती माझ्या मावशीच्या जेवणाच्या टेबलावर असायची. मावशी गेल्यावर मंडळाच्या बायका आल्या, घरात जुनं काय काय आहे ते बघून गेल्या, आणि पुढच्या उन्हाळ्यात त्या कापडाला झालर लागली होती. कोपऱ्यात डाग आहे तो अश्रूंचा असं तिथली बाई पाहुण्यांना सांगते. तो डाग सॉसेजच्या तेलाचा आहे. सांडलं तेव्हा मी तिथंच जेवत होते.

पण तुला शाल नाही एवढंच सांगायचं असतं तर मी अर्मिंदाचा शनिवार खाल्ला नसता.

तुझी खापरपणजी म्हणजे माझी आजी. तिचं नाव रोझारिया. दोलोरेस हे नाव त्या एझ्रा हॅलोवेलनं ठेवलं, आणि तेही स्पॅनिश. आम्ही पोर्तुगीज बेटांवरची माणसं. तीन वर्षं ती त्याच्या घरी कपडे धूत होती आणि त्याला एवढंही कळलं नाही की बाई बोलते कोणती भाषा. शंभर वर्षं झाली, अजून सगळी अमेरिका त्याला मोठा म्हणते. शाळेत मुलं त्याची पानं घोकतात, नवे लेखक त्याच्या खुर्चीला हात लावून जातात. मी म्हणते, असेल बाई मोठा. तिनं धुतलेले शर्ट घालून बसायचा, त्यामुळे स्वच्छ तरी होता.

पुस्तकात काय आहे ते तुला मी काय सांगणार. कप्तान वचन देऊन जातो, न्यायाधीशाच्या मुलीशी लग्न करतो, दोलोरेस खडकावर उभी राहून वाट बघते आणि एके सकाळी शाल पसरून समुद्रात उडी घेते. सगळ्या देशानं डोळे पुसले. त्या खडकाला तेव्हापासून नकाशावर दोलोरेसचा खडक म्हणतात. त्याआधी आपली माणसं त्याला घाणखडक म्हणायची, कारण तिथं बसून कॉड माशांची आतडी काढायची आणि खाली लाटेत टाकायची. समुद्रपक्षी अजून त्याच आशेनं तिथं येतात. पाहुणे त्यांच्याकडे बघून म्हणतात, बघा, हे शोक करताहेत.

खरं काय झालं ते मला रोझारियानंच सांगितलं, एकदा नाही, जितक्या वेळा मी मासे साफ करायला कंटाळले तितक्या वेळा. तिचं लग्न ठरलं होतं तो कप्तान वगैरे नव्हता. देवमासे मारणाऱ्या जहाजावर भाला फेकणारा आपल्याच बेटाचा गडी. सॅन फ्रान्सिस्कोहून त्यानं एका खलाशाबरोबर निरोप पाठवला की मी इथं लग्न केलंय, वाट बघू नकोस. निरोप आला तेव्हा ती घाणखडकावर बसली होती, पुढ्यात मासळीची रास. ‘रडले की,’ ती म्हणायची, ‘दुपारभर रडले. पण हात थांबले नाहीत. मासे थांबतात का कुणासाठी.’ संध्याकाळी सगळे मासे साफ झाले तेव्हा रडणंही संपलं होतं. घरी आली, त्यानं दिलेली कंगव्यांची पेटी शेगडीत घातली, आणि पुढच्या वसंतात पिंपं बनवणाऱ्या माझ्या आजोबांशी लग्न केलं. सहा मुलं झाली.

हॅलोवेलच्या खिडकीतून तो खडक दिसतो. त्यानं त्या दुपारी तिची पाठ पाहिली. हलणारी पाठ. पाठीवरून त्यानं बाकीचं सगळं ओळखलं. मासे काही त्याला दिसले नाहीत.

आपण पुस्तकात मेलो हे रोझारियाला किती तरी वर्षांनी कळलं. तेव्हा ती म्हणे म्हणाली, ‘मेले का मी? मग उद्याचं धुणं कोण करणार आहे ते विचारा त्याला.’ पुस्तकाला पन्नास वर्षं झाली तेव्हा मंडळानं पहिल्यांदा खडकावरून पुष्पचक्र टाकलं आणि पोहणारा एक गडी झगा घालून, केसांचा टोप लावून खाली उडी मारता झाला. खडकामागे होडी लपवलेली. होडी त्याला घेऊन बाहेर आली, त्यानं ओला हात हलवला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून ती रीतच पडली. उडी झाली की टाळ्या, मग होडी.

त्या पहिल्या वेळी रोझारिया गर्दीत उभी होती, माझा हात धरून. सत्तरी उलटलेली, दात गेलेले, कमरेला फडकं. कुणी तिच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. फादरांनी मेलेल्या मुलीसाठी प्रार्थना म्हटली, तिनंही सगळ्यांबरोबर आमेन म्हटलं. घरी येताना म्हणाली, ‘माझ्याच मयताला गेले आणि कुणी वाटीभर सूप दिलं नाही.’ त्यानंतर सहा वर्षांनी गेली. ईल मासा जास्त खाल्ला. दोन दिवस पोट धरून बसली, आम्हांला शिव्या देत.

हे सगळं मी मंडळाच्या मिसेस लॉथ्रॉपना मागच्या आठवड्यात सांगितलं. त्या मला आमंत्रण द्यायला आल्या होत्या, केक घेऊन. तुलाही त्यांनीच पत्र लिहिलं ना. खुर्चीच्या अगदी कडेवर बसल्या, आमची खुर्ची आपल्याला चिकटेल की काय अशा.

म्हणाल्या, ‘मिसेस फोंटेस, तुमची नात म्हणजे अगदी दोलोरेस आहे हो.’

मी म्हटलं, ‘तिच्या आईनं नावच ते ठेवलं, काय करणार.’

‘नावाचं नाही म्हणत मी. तो चेहरा, ती मान. हॅलोवेलनं लिहिलंय अगदी तसं.’

‘हॅलोवेलनं पाठ बघितली होती, बाई.’

हसल्या. मग मी ईल माशाचं सांगितलं. ‘किती गोड,’ म्हणाल्या, ‘पण त्या दिवशी पहिल्या रांगेतल्या लोकांना हे नको सांगू या.’

‘का हो? ते जेवून येणार आहेत का?’

‘लोक शिकागोहून येताहेत, मिसेस फोंटेस. सगळ्यांनी शाळेत ते पान वाचून रडलेलं असतं. त्यांना ईल मासा कसा सांगायचा?’

मग त्या आणखी एक वाक्य बोलल्या. ते मी नंतर सांगते. ते ऐकून मी केक तसाच त्यांच्या हातात परत दिला. अर्मिंदा म्हणते चांगला होता, लिंबाचा.

ती कॉफी करायला उठली आहे. मी तिला सांगितलं, दोन कप कर आणि तुझ्यात जरा जास्त साखर घाल, पुढे तुला लागेल.

मेनिना, तुला वाटत असेल की म्हातारीला त्या पुस्तकाचा राग आहे कारण तिला ते वाचता येत नाही. वाचता येत नाही हे खरं. सात वर्षांची होते तेव्हा क्रॅनबेरीच्या मळ्यात गुडघे टेकले ते लग्नापर्यंत. पण पुस्तक मी ऐकलंय. अख्खं. तुझ्या आईनं ऐकवलं.

आमच्या घरात अक्षर ओळखणारी ती पहिली. शाळेत पहिली आली म्हणून तिला तेच पुस्तक बक्षीस मिळालं, निळ्या पुठ्ठ्याचं, वर जहाजाच्या नांगराची सोनेरी खूण. घरात प्रार्थनेच्या पुस्तकाशिवाय दुसरं पुस्तक नव्हतं. त्या हिवाळ्यात रोज जेवण झालं की ती शेगडीजवळ बसायची आणि वाचायची, एक ओळ त्यांच्या भाषेत, एक आपल्या. चौदा वर्षांची पोर, आवाज असा स्वच्छ की तुझे आजोबा पाइप ओढायचे विसरायचे.

आणि ऐक. शेवटचं पान आलं तेव्हा मी रडले. ज्या बाईला मी स्वतः आंघोळ घालून पेटीत ठेवलं होतं, जिचं पोट फुगलेलं मी पाहिलं होतं, ती शाल पसरून उडी मारते म्हणून मी रडले. तुझे आजोबाही रडले, आणि ते रोझारियाला घाबरायचे. इतका कसबी माणूस तो. म्हणून मी त्याला वाईट लिहिणारा म्हणत नाही. वाईट लिहिणारा असता तर काही बिघडलं नसतं.

रडून झाल्यावर मी हसले आणि म्हटलं, ‘आता खरं काय झालं ते सांगू?’ तुझी आई म्हणाली, ‘नको आई. तुमची गोष्ट कुरूप आहे.’

मी उठून ताटं घासायला घेतली. वाटलं, शिकलेली आहे, तिला चांगलं काय ते कळत असणार.

त्यानंतर घरात कुणी रोझारियाचं नाव काढलं की ती दोलोरेस म्हणून दुरुस्त करायची. खडकावर जाऊन बसायची. आधी मला बरंच वाटलं, निदान धक्क्यावरच्या पोरांच्या मागं नाही. तुझ्या वडिलांशी लग्न झालं ते प्रेमानंच झालं, मी खोटं नाही सांगणार. तू झालीस तेव्हा नाव काय ठेवायचं हे तिचं आधीच ठरलेलं होतं. मी तुला त्या नावानं कधी हाक मारली नाही हे तुझ्या लक्षात आलं असेल. तुला वाटायचं आजी लाडानं मेनिना, म्हणजे आपली पोर, म्हणते. लाडानंही म्हणते.

मग तुझ्या वडिलांना प्रॉव्हिडन्सच्या गिरणीत काम लागलं. शनिवारी घरी यायचे. मग काही शनिवारी. मग सणाला. लुईझबद्दल मी काही बोलणार नाही, तिनं तुला वाढवलं, केस विंचरले, तापात उशाशी बसली, हे मला माहीत आहे. पण ती गिरणीत तुझ्या वडिलांच्या शेजारच्या मागावर होती हे तुला कुणी सांगितलं नसणार.

इथं अर्मिंदानं पेन खाली ठेवलं. म्हणते, ‘बस कर, तिच्या बापानं शपथ घातली होती.’ मी म्हटलं, शपथ मला घातली होती, तुला नाही, तू लिही.

तुझी आई दुःखी होती. त्या गल्लीत कोणती बाई नव्हती? रोझारियाचाही गडी गेला होता. मी तुझ्या आईला म्हटलं, ‘ये, माझ्याबरोबर पॅकिंगच्या शेडमध्ये ये, हाताला काम लाव, पोरगी मी बघते, रड हवं तेवढं.’ तर ती माझ्याकडे बघून हसली, लहान मुलाकडे बघावं तशी. माझ्याजवळ तिच्यासाठी काय होतं? मासे आणि शिव्या. तिला त्याहून सुंदर काही तरी शिकवलेलं होतं. ते ती शाळेत शिकली, तेच बक्षीस म्हणून तिच्या हातात दिलं, आणि सगळा गाव दर उन्हाळ्यात त्याला फुलं वाहत होता.

मी असं म्हणत नाही की त्या मेलेल्या माणसानं तिला ढकललं. पुस्तकाला हात नसतात. पण वाट झाडून ठेवलेली होती, आणि शेवटी टाळ्या होत्या.

तुझी आई न्यूमोनियानं बोस्टनच्या इस्पितळात गेली असं तुला सांगितलंय. ती बोस्टनला कधी गेलीच नाही, मेनिना. ती त्या खडकावरून गेली. एकोणीसशे सदतीसचा ऑगस्ट. सोहळा चार दिवसांवर आला होता, बहुतेक दुपारी तालीम चालायची, आणि खाली वाळूवर पाहुण्यांनी चादरी पसरलेल्या. त्यांनी वर शाल घेतलेली बाई पाहिली. शांत उभी होती म्हणे. मग ती दिसेनाशी झाली, आणि खाली सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या वाजवून ते होडीची वाट बघत राहिले.

होडीवाला धक्क्यावर जाळं शिवत बसला होता. त्याची त्या दिवशी तालीमच नव्हती. कुणी तरी त्याला हाक मारून विचारलं, ‘आज इतका उशीर का?’ तेव्हा तो उठला.

हे मला कुणी सांगितलं ते विचार. अर्मिंदानं. ती खाली वाळूवर पाहुण्यांना गोड पाव विकत होती, टोपली खाली ठेवून तिनंही टाळ्या वाजवल्या. त्याच संध्याकाळी ती माझ्या दारात येऊन उभी राहिली आणि स्वतःच्या तोंडानं म्हणाली, ‘मीसुद्धा.’ बाकी सगळ्या गावात दुसरं कुणी आलं नाही. तेव्हापासून माझी सगळी पत्रं ती लिहिते. हेही तीच लिहिते आहे. अक्षर वाकडं आलं असेल तर समजून घे.

फादरांनी मला विचारलं, ‘पाय घसरला ना?’ मी म्हटलं, ‘घसरला.’ त्यांनाही माहीत होतं. म्हणून ती चर्चच्या आवारात आहे, तुझ्या आजोबांच्या शेजारी. तू दर उन्हाळ्यात तिथं फुलं ठेवलीस ती तिच्यापाशीच पोचली आहेत, तेवढं तरी खोटं नव्हतं. तुझ्या वडिलांनी मला सांगितलं, ‘पोरीला खरं कळलं तर ती इथं पाऊल ठेवणार नाही, मी ठेवू देणार नाही.’ उन्हाळ्यातला तुझा एक आठवडा मला हवा होता. त्यासाठी मी बोलले नाही, आणि पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा नाही बोलणार. आज बोलते आहे ते वेगळ्या कारणानं.

मंडळानं त्यानंतर उडी बंद केली. लाज वाटली म्हणून नव्हे, विमा कंपनी पैसे भरून देईना म्हणून. एवढी वर्षं नुसतं पुष्पचक्र टाकत होते. आता शंभरावं वर्ष आहे, नवी विमा कंपनी मिळाली आहे आणि तू मिळाली आहेस.

आता मिसेस लॉथ्रॉपचं ते वाक्य सांगते. केकच्या ताटलीवरचा कागद सारखा करत त्या म्हणाल्या, ‘इदालिनाची आम्हां सगळ्यांना आठवण आहे हो. एका अर्थानं तीही त्या खडकाचीच झाली. तिच्याच मुलीनं तिथून उडी घ्यावी आणि हसत वर यावं, यात किती सांत्वन आहे. पाहुण्यांना द्यायच्या कागदावर आम्ही दोन ओळी घालणार आहोत, अगदी नाजूकपणे.’

म्हणजे तुला माहीत नव्हतं, पण पहिल्या रांगेला माहीत असणार होतं. शिकागोहून आलेल्या बाईला, न्हाव्याला, सगळ्यांना. तू वर उभी, आणि खाली प्रत्येकाच्या हातात तो कागद.

मी त्यांना म्हटलं, ‘बाई, माझ्या आजीला तुम्ही मारलंत, ती जिवंत असताना. माझ्या मुलीला टाळ्या दिल्यात. नातीला काय देणार आहात?’

म्हणाल्या, ‘तुम्ही थकलेल्या आहात, मिसेस फोंटेस.’

थकलेली आहेच. पण त्या दिवशी संध्याकाळी मी अर्मिंदाला घेऊन चर्चच्या आवारात गेले आणि बराच वेळ बसले, आणि माझ्या लक्षात आलं की मी एकोणीस वर्षं हॅलोवेलवर चिडले आहे, तुझ्या वडिलांवर चिडले आहे, मिसेस लॉथ्रॉपवर चिडले आहे, आणि तुझ्या आईवर एकदाही नाही. ते आता करते. तिनं माझं ऐकायला हवं होतं. माझी गोष्ट कुरूप होती, पण तिच्या शेवटी बाई घरी येते.

अर्मिंदा रडते आहे आणि लिहिते आहे. हात थांबलेले नाहीत.

तुला काय करायचं ते तू ठरव. तेवीस वर्षांची आहेस, पदकं मिळवली आहेस, पाण्याला तू घाबरत नाहीस हे मला ठाऊक आहे. तुला खाली ओढून आणणारी मी कोण. तू माझ्यावर रागावशील, कदाचित वडिलांवर जास्त. रागाव. रागावलेली माणसं जेवतात, झोपतात, दुसऱ्या दिवशी उठून पुन्हा रागावतात. मला तुझा राग चालेल.

यायचं असेल तर सोहळ्याच्या आधीच्या बुधवारी दुपारच्या बसनं ये, लोक यायच्या आत. ओहोटी असते तेव्हा खडकाच्या पायथ्याशी चालत जाता येतं. तिला जिथून बाहेर काढलं ती जागा तुला मी दाखवीन. तिथं कालवं आणि शेवाळ आहे, बाकी काही नाही. तुझी आई कशी वाचायची, तुझ्या बारशाला तिनं काय घातलं होतं, कशावर हसायची, हे सगळं विचार. मी एवढी वर्षं ते कुणाला सांगितलेलं नाही, त्यामुळे काही झिजलेलं नाही.

आणि न येता थेट शनिवारी त्या झग्यात वर चढलीस, तर हे आधीच माहीत असू दे. मला पहिल्या रांगेत खुर्ची ठेवली आहे, तिथं मी नसेन. सकाळीच स्वयंपाकघरातली खुर्ची घेऊन मी खडकाच्या टोकावर जाऊन बसणार आहे, आणि शेजारी अर्मिंदा तिची घेऊन. पुढ्यात मासळीची टोपली असेल. पोलीस आला तर त्याला सांगेन, काम संपलं की उठते, मंडळानं नाव बदललं तरी ही जागा यासाठीच आहे. तुला उडी मारायची झाली तर दोन म्हाताऱ्यांना आणि सगळ्या त्या घाणीला ओलांडून जावं लागेल, आणि माझ्या डोळ्यांत बघून. तेव्हा खाली कुणी टाळी वाजवतं का ते मला वरून बघायचं आहे.

वडिलांना सांगायचं की नाही ते तुझं तू बघ. त्यांना सांगितलंस तर एवढंच म्हण की म्हातारीनं शपथ मोडली आणि तिला त्याचं काही वाटत नाही.

खालची फुली माझी आहे. अर्मिंदानं हात धरलेला नाही, मी एकटीनं काढली आहे, म्हणून वाकडी आहे.

✕

इदालिनाची आई